न जळलेलं झाड

धूर दिसला तेव्हा विशाखा कुमरे एका सागाच्या बुंध्यावर हात टेकवून उभी होती. झाडाने आजवर सोसलेला प्रत्येक वणवा तिच्या खास हातमोज्यातून तळहाताला चटक्यासारखा जाणवायचा. जिल्ह्यातल्या कोणत्या जंगलाला किती धोका आहे, हे वनखातं आता असंच तपासत असे.

मोहफुलं वेचणाऱ्या पाच बायका टोपल्या टाकून धावत आल्या.

"मॅडम, नाल्यात उतरा!" म्हातारी सोनाबाई ओरडली. "वाळूत काय जळणार हाय?"

विशाखाने नाल्याकाठच्या झाडाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटक्यांवर चटके! शेजारच्या झाडाचंही तेच.

"नको मावशी! दरवेळी वणवा या नाल्यातूनच वर चढलाय."

"मग जायचं कुठं?"

एकेक झाड चाचपत विशाखा धावत सुटली. बायका खोकत तिच्यामागे निघाल्या. चटके हळूहळू कमी होत गेले. खडकांमधल्या एका जुन्या धावड्याच्या झाडाला तिने अक्षरशः मिठी मारली. तळहात गारच राहिला.

"इथंच बसा!"

काही क्षणांतच नाल्याकाठचे बांबू फाडफाड फुटू लागले. ज्वाळा नाल्यातून वर झेपावल्या आणि टेकडीवर गेल्या. खडकांपर्यंत फक्त राख उडत आली.

सोनाबाईने विशाखाचा खांदा धरला. "बाई, झाड काय बोललं तुले?"

"काहीच नाही, मावशी," विशाखा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "काहीच बोललं नाही."