नावं ठेवायची भाषा

"किचन इज व्हेरी स्मॉल, सर," मुकुल इंग्रजीत म्हणाला. मग बायकोकडे वळून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, मराठीत : "काय किचन आहे गं! ओट्यासमोर एवढी मोठी खिडकी. आपण उडीच मारायला हवी. पण तू तोंड पाड."

शमिकाने तोंड पाडलं.

ही मुकुलची पद्धत. मालकासमोर इंग्रजीत नावं ठेवायची, कौतुक आपसात मराठीत उरकायचं. बंगळुरात मराठी कुणाला कळतंय, हा त्याचा हिशेब. पद्धत बिनचूक होती, फक्त तिने अजून फ्लॅट मिळाला नव्हता. मारतहळ्ळीच्या मालकिणीने बाथरूमला ठेवलेली नावं मनाला लावून घेतली आणि फ्लॅट भलत्यालाच विकून टाकला. "हाही घालवलास तर पुढचे मी एकटी बघणार," असं शमिकाने आज मल्लेश्वरमचा जिना चढतानाच बजावलं होतं. आणि हा तर तिला चपला काढता काढताच आवडला.

मालक नरसिंहराव खुर्चीत ताठ बसले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचं बसणं. समोरचा कर्ज मागायलाच आलाय असं. आता दोघं नवराबायको म्हैसूरला मुलीकडे राहायला जाणार होते. सत्यवतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. 'स्मॉल' ऐकून त्यांनी पदराने ओटा पुसला. तो आधीच लखलखत होता.

"बाल्कनी इज ऑल्सो नॅरो," मुकुल म्हणाला.

"नॅरो. यस," नरसिंहराव म्हणाले.

बाल्कनीत कढीपत्त्याचं झाड होतं, कुंडीत, माणसाच्या छातीएवढं. शमिकाने एक पान चुरडून वास घेतला आणि तोंड पाडायचं विसरली. "मुकुल, हे झाड ठेवून जातील का रे? मी जपेन. आईशप्पथ जपेन."

"हळू! खूश दिसतेयस तू. भाव वाढेल."

सत्यवतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग आत वळून कॉफीच्या तयारीला लागल्या.

बाहेर भावाची बोलणी सुरू झाली. नरसिंहरावांनी आकडा सांगितला. मुकुलने एक्सरे बघणाऱ्या डॉक्टरसारखा श्वास ओढला. मग स्वतःचा आकडा सांगितला. नरसिंहरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, बहुधा हा मुलगा अजून तिथेच आहे का ते बघायला.

दारातून सत्यवतीबाई नवऱ्याला कानडीत म्हणाल्या, "हुडुगी ओळ्ळेवळु री. स्वल्प कडिमे माडि." मुलगी चांगली आहे हो, जरा कमी करा. आणि वर आणखी एक वाक्य, ज्यात 'करिबेवु' होतं. ते झाड तिलाच राहू दे, असं.

शमिका फिजिओथेरपिस्ट होती. तिला कानडी शिकवली ती मल्लेश्वरमच्याच म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनी. मुकुलला वाटायचं, तिची कानडी 'पाय वर, पाय खाली' एवढीच. तिला वाक्य पूर्ण कळलं, आणि मग त्यातला एक शब्द खटकला. करिबेवु म्हणजे कढीपत्ता. पण कढीपत्त्याचं ती बोलली होती ते मराठीत.

तिने भिंतीवरचे, मराठी पगड्या घातलेल्या पूर्वजांचे फोटो पाहिले. मराठी फौजेबरोबर खाली आलेली आणि परत वर न गेलेली घराणी इथे आहेत, हे तिने पेशंटांकडून ऐकलं होतं. त्यांच्या घरातली मराठी पाहुण्यांनी अडवली, म्हणून बिचाऱ्यांना खासगी बोलायला कानडीत जावं लागलं होतं.

"काय म्हणतेय म्हातारी?" मुकुलने विचारलं. मराठीत. खणखणीत.

"काही नाही."

"उतरतोय बघ म्हातारा. भोळा सांब आहे नुसता. आता थोडं ताणतो."

शमिकाने त्याच्या पायावर पाय दिला.

"पाय का देतेस?"

मराठी त्यांना येत होती, इंग्रजी येत होती, हिंदी तर बँकेत सगळ्यांनाच येते. नवऱ्याला गप्प करायला तिच्याकडे एकही भाषा उरली नव्हती.

सत्यवतीबाई कॉफी घेऊन आल्या. पितळी पेले शमिकासमोर ठेवले, साखरेचा डबा उघडला आणि त्यांच्या घरच्या जुन्या, हेल काढणाऱ्या मराठीत म्हणाल्या :

"साखर किती घालूं गे, लेकी?"

"स्वल्प, अक्का," शमिका म्हणाली.

मुकुलने आधी सत्यवतीबाईंकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग गेल्या अर्ध्या तासात आपण काय काय बोललो ते आठवू लागला. आठवत गेलं तसा तो कानापासून लाल होत गेला.

"घ्या, घ्या, गार होईल," नरसिंहराव म्हणाले, तेही मराठीतच. "आणि नांव नरसिंह माझं. सांब नव्हे."

मुकुलने पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तुमची अक्का सांगते म्हणून भाव उतरवतों," नरसिंहराव पुढे म्हणाले. "पण ते किचनचं काय बोललांत, तेवढं मागे घ्या. तीस वर्षं स्वयंपाक केलाय तिने तिथे."

मुकुल उभाच राहिला. शाळेत बाकावर उभं करतात तसा. "अक्का," तो म्हणाला, "खरं सांगतो, तुमचं स्वयंपाकघर फार सुंदर आहे."

"ते ठाऊक आहे मला," सत्यवतीबाई साखर ढवळत म्हणाल्या. "मघाशीच ऐकलं की."