पिवळा टिपका

दरीत कोसळलेल्या जुन्या ट्रकच्या स्टिअरिंगचा बोल्ट हवालदाराने पांचाळअण्णांच्या नटबोल्टच्या दुकानात काउंटरवर ठेवला. त्याच्या पाठीमागे त्या ट्रकच्या मेलेल्या ड्रायव्हरचा बाप उभा होता. "अण्णा, माप बरोबर आहे का सांगा. तुमच्या बोटांना पार्टबुक लागत नाही म्हणतात."

पांचाळअण्णांनी बोल्ट चिमटीत फिरवला. बारा एमएमचा. या गाडीला इंचातला, चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा लागतो. बारा एमएमचाही त्यात बसतो, पण धरत नाही. त्यांनी अंगठ्याने काळं तेल पुसलं, तर माथ्यावर पिवळा टिपका. विकलेल्या प्रत्येक बोल्टाला ते स्वतः लावत, तोच. विकताना गेज लावून माप बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

"चार सुती," अण्णा म्हणाले. "बरोबर आहे."

"म्हणजे चूक ड्रायव्हरची," म्हणत हवालदाराने लिहून घेतलं.

म्हाताऱ्याने हात जोडले. "बरं झालं सांगितलंत, अण्णा. नाहीतर उगाच कुणाला तरी माझा तळतळाट लागला असता."