न छापलेली बातमी

छप्पन सालची गोष्ट. मुलुंडच्या रंगकारखान्याचं सांडपाणी विहिरीत उतरून वस्तीतली पोरं आजारी पडली, तेव्हा दशरथने जीव ओतून बातमी लिहिली. साप्ताहिकाच्या अंकात ती आलीच नाही. पहिल्या पानावर त्याच कारखान्याची जाहिरात होती. नोकरी सोडायची असं ठरवूनच दशरथ संपादक अण्णांसमोर उभा राहिला.

अण्णा मात्र खुशीत होते. "झकास लिहितोस रे. आता भांडुपच्या साबणकारखान्यावर अशीच सणसणीत बातमी दे."

अण्णांचं मन पालटलं, असं वाटून दशरथने विचारलं, "ही तरी छापणार ना?"

"छापायची कशाला? रंगवाल्या मालकाला तुझी बातमी नुसती वाचून दाखवली, तर त्याने वर्षभराची जाहिरात दिली."