वडिलांचा डाव

वडील गेल्यावर तिने बुद्धिबळ शिकायला घेतलं. रोज संध्याकाळी "चाललो गं डाव मांडायला" म्हणत ते क्लबात जायचे; त्या डावात एवढं काय होतं, ते तिला कळून घ्यायचं होतं. घोड्याची अडीच घरं डोक्यात शिरेपर्यंत ती मेटाकुटीला आली.

शेवटी धीर करून ती क्लबात गेली आणि वडिलांच्या जोडीदारासमोर बसली.

"काका, मी अगदीच नवखी आहे. हसू नका हं."

"बापापेक्षा बरी म्हणायची," प्यादी लावता लावता काका म्हणाले. "त्याला कुठे येत होतं? शिकवतो म्हटलं तर म्हणायचा, 'राहू दे रे, नुसता पट मांडून ठेव. खेळणाऱ्यांना इथे कोणी उठवत नाही.'"

"मग इतका वेळ करायचे काय?"

"गप्पा. तोंडाला खळ नसायचा त्याच्या."

जेवताना समोर मुकाट बसलेले वडील तिला आठवले. "घरी तर बोलायचेच नाहीत."

 

 

"हो, सांगायचा ना. 'लेक वाचत बसलेली असते, मध्ये बोललं की तिची ओळ चुकते.'"