आरशाचा खेळ

खांदा कॉलनीतल्या शाळेत गॅदरिंगच्या आधी मोनालीमॅडम सातवीला नाटक शिकवायला यायच्या. पहिला खेळ ठरलेला, आरशाचा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एक माणूस, दुसरा आरसा. माणूस करील तेच आरशाने करायचं, आणि माणूस थांबेपर्यंत थांबायचं नाही.

त्या दुपारी जोड्या लागल्या आणि हिबा एकटी उरली. पोर आधीच बुजरी, चार लोकांत तोंड उघडायची मारामार. मॅडमना गलबलून आलं.

"तू माणूस हो. समोर आरसा आहे असं समज."

हिबा रिकाम्या भिंतीसमोर उभी राहिली. तिने केस विंचरले, कानात डूल घातले, खाली बसून काहीतरी शोधलं. इतकं खरं, की बाकीची मुलं खेळ सोडून बघत राहिली.

"शाब्बास गं माझी राणी!" मॅडम म्हणाल्या. "थांब आता."

हिबाचे हात हलतच राहिले.

"पुरे, बाळा."

"मी कशी थांबू, मॅडम?" तिचा आवाज रडवेला झाला होता. "आरसा मी आहे. तिला सांगा ना."

मॅडमना तिचं कौतुकच वाटलं. पोरीचं मन राखायला त्या भिंतीकडे वळून लाडाने म्हणाल्या, "पुरे हं आता. दमली आमची हिबा."

हिबाचे हात तत्क्षणी खाली आले.

मग तिची मान हळूहळू वळली आणि ती मॅडमकडे टक लावून बघू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मॅडम," ती कुजबुजली, "मी नाही बघत तुमच्याकडे."