चालू भट्टी

"पाक आत्ता होईल बघा," म्हणत कस्तुराबाईंनी कढईत उलथनं फिरवलं. वलवणातल्या त्यांच्या चिक्कीच्या कारखान्याची भट्टी आज तीन महिन्यांनी पेटली होती. समोर उभ्या असलेल्या प्रतीक्षाला हे ठाऊक नव्हतं. ती दिल्लीच्या एका उद्योग महासंघाच्या संशोधन विभागातून आली होती. पॅकिंग यंत्रानेच करायचं, या नव्या नियमाने छोट्या कारखान्यांचं काय झालं, ते बघायला. तिचा अहवाल सरकारकडे जाणार होता.

मोठं माणूस दारी येणार, तर घर भरलेलं दिसायला नको? झाकली मूठ सव्वा लाखाची. कस्तुराबाईंनी शेजारच्या पाच जणी बोलावल्या, डोक्याला फडकी बांधून कामाला बसवल्या. शेंगदाणे एकीचे, गूळ दुसरीचा. काम चांगलं दिसलं की ही बाई सरकारात आपली बाजू घेईल, असं त्यांना वाटलं होतं. भाबडेपणाला काही औषध नसतं.

प्रतीक्षाने चिक्की खाल्ली, फोटो काढले, टॅबवर भराभर बोटं फिरवली.

"छान चाललंय, मावशी. तुम्हाला नियमाचा काहीच त्रास नाही. जे बंद पडलेत, त्यांच्यासाठीच आम्ही दोन वर्षांची सूट मागतोय."

कस्तुराबाईंनी उलथनं कढईतच सोडलं. सूट नाही म्हणजे कारखाना गेला. जागेला गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं होतं.

"ताई, थांबा! आमचाबी बंदच हाय वो. तीन म्हयनं झालं. ह्या समद्या शेजारणी हायत. तुमी येनार म्हनून बसवल्यात."

त्या रडायलाच लागल्या.

प्रतीक्षा गोंधळली. सूट म्हटली की चालती भट्टीही बंद असल्याचं सांगतात, हे तिने सकाळपासून दोन ठिकाणी पाहिलं होतं. तेवढ्यात मागच्या खोलीतून त्या पाच शेजारणींतल्या धोंडाबाई शेंगदाण्यांचं घमेलं घेऊन आल्या. सूट मिळण्याचं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं.

"आजी, खरं सांगा. हा कारखाना बंद असतो का?" प्रतीक्षाने त्यांनाच विचारलं.

धोंडाबाईंनी रडणाऱ्या मैत्रिणीकडे पाहिलं. बिचारीचा धीर सुटला, ऐन वेळी सगळं बोलून बसली! आता अब्रू आपणच राखायची. त्यांनी घमेलं खाली ठेवलं आणि पदर खोचला.

"बंद? काय बी बोलती ही! दिवाळीपास्नं एक दिस सुट्टी न्हाई आमाला."