बघून सांगतेस ना?

आवाज दोन आले. पहिला बॅटचा, टणकन. दुसरा थप्प असा यायला हवा होता, चामड्याच्या ग्लोव्हचा. तो तसा आला नाही. नारळ फरशीवर आपटावा तसा आला.

योनांनी बायकोचं मनगट धरलं. "रूथ, काय झालं?"

रूथच्या तोंडासमोर माइक होता आणि तोंड उघडं होतं. पण त्यातून शब्द निघेना. राहत्या पिनर उपनगरात जिच्या तोंडाला कुणी लागत नाही, त्या बाईची जीभ टाळ्याला चिकटली होती.

त्यांची नात मिखाल चेंडू फेकायला उभी होती. तिथे आता उभं कुणी नव्हतं. बेसबॉलमध्ये मारणाऱ्याला हेल्मेट असतं, फेकणाऱ्याला नुसती टोपी. ती टोपी चार हात लांब जाऊन पडली होती.

क्रॉयडनच्या या मैदानावर दर रविवारी मॅच असायची. योनांना दिसत नाही, म्हणून रूथ त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगायची. क्लबातल्या कुणीतरी एक दिवस दोघांपुढे माइकच आणून ठेवला. अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. नेटवर ऐकणारी माणसं जेमतेम चाळीस, पण एक रविवार चुकवतील तर शपथ. रूथ दिसेल ते सांगायची, वर पदरचंही घालायची. कुणी चुकला की, "मेल्या, डोळे आहेत का बटणं?" ही शिवी आता क्लबातली गोरी पोरंसुद्धा द्यायला लागली होती. योना आवाजावरून चेंडू कुठे गेला ते ओळखायचे. रूथने पदरचं घातलं की हळूच विचारायचे, "बघून सांगतेस ना?" स्वतः मात्र न ऐकलेलं एक अक्षर सांगायचे नाहीत. मैदानाला लागून ट्राम गेली की सरळ कबूल करायचे, "ट्राम आली. आता मी ठार आंधळा."

"रूथ," योना कुजबुजले. "नीना ऐकतेय."

नीना त्यांची मुलगी, मिखालची आई. बेसिंगस्टोकहून शिफ्ट संपवून निघालेली, आत्ता मोटरवेवर असणार, गाडीत यांचीच कॉमेंट्री लावून. गप्प राहावं, तर पोरीच्या छातीत धडकी भरणार. खरं बोलावं, तर सत्तर मैलांनी पळणारी गाडी तिच्या हातात.

"नीना," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा निघाला. "नीना, बाळा, आधी गाडी बाजूला घे. घेतलीस? मग ऐक. मिखालला चेंडू लागलाय. डोक्याला."

मनगटावरची पकड आवळली.

"खाली पडलीय. उताणी. तिचा डावा बूट दिसतोय मला. लेस सुटलीय. सकाळी ओरडले होते, नीट बांध म्हणून. फर्स्ट एडची क्लोई तिच्याजवळ गुडघ्यावर बसलीय. ऍरनने मारला होता, तो डोकं धरून उभा आहे. कुणीतरी ऍम्ब्युलन्सला फोन करतंय."

पदरचं एक अक्षर नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

एलियाहू हन्नाबी, ती मनात प्रेषिताला नवस बोलली, मलिदा करीन, घरी बोलावून सगळ्यांना वाढीन, पण तो बूट हलू दे.

बूट हलला नाही.

योनांचा फोन आलेले मेसेज वाचून दाखवतो. त्यातली बाई बोलली, स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तशा कोरड्या आवाजात. "मेसेज फ्रॉम नीना. स्टॉप्ड. मम्मी, इज शी मूव्हिंग?"

रूथने पुन्हा बूट शोधला. तेवढ्यात दोन्हीकडची पोरं धावत आली, गराडा पडला, आणि बूटही त्यात बुडाला.

"नीना, माणसं आडवी आलीत. मला आता..."

पुढचे दोन शब्द तिने गिळले. आंधळ्या नवऱ्याशेजारी बसून ते तिने कधी उच्चारले नव्हते.

आणि ट्राम आली. रूळ किंचाळले, कुंपणाची जाळी थरथरली. रूथला स्वतःचा श्वास ऐकू येईना. तो खडखडाट माइकमध्येही शिरला असणार.

योनांनी माइक आपल्याकडे ओढला. नेहमीसारखी मान तिरकी केली, कान मैदानाकडे.

"नीना!" ट्रामच्या वर आवाज चढवून ते म्हणाले. "ऐकू येतेय मला ती. बोलतेय. ऍरनला शिव्या घालतेय. 'मेल्या, डोळे आहेत का बटणं?' अगदी तुझ्या मम्मीसारखी!"

ट्राम लांब गेली. मैदान चिडीचूप होतं. गराडा होता तिथेच होता.

रूथने माइक तळहाताने झाकला.

"अहो," ती म्हणाली. "ऐकून सांगताय ना?"

चाचपडत योनांचा हात तिच्या हातावर आला, बर्फासारखा गार, आणि माइकवरची तिची बोटं त्यांनी एकेक करून उचलली.